दुसरं पाणी

छत्री घ्या आणि फोन घरीच ठेवा, तिथे त्याचा काही उपयोग नाही. खिशात थोडी सुटी नाणी असू द्या. नवे पैसे चालू होऊन चार वर्षं झालीत, पण भाजीवाली भाव अजून आण्यांतच सांगेल. गडबडून जाऊ नका, शेजारी उभं असलेलं कुणीतरी हिशोब करून देईल. तारीख आहे १२ जुलै १९६१. वारही बुधवार आणि पेठही बुधवार. उतरा, हा पुण्याचा बुधवार चौक आला.

आधी वास येतील. टांग्याच्या भिजलेल्या घोड्यांचा, ओल्या गोणपाटाचा, बेलबागेच्या बाजूनं येणाऱ्या उदबत्तीचा. तुळशीबागेच्या तोंडाशी कल्हईवाला बसलाय, त्याच्या नवसागराचा पांढरा धूर थेट घशात जातो. मग आवाज. इतक्या सायकलींच्या घंटा तुम्ही एका वेळी कधी ऐकल्या नसतील. पावसाची भुरभुर चालू आहे, मध्येच एखादी जोरदार सर येते आणि सगळे दुकानांच्या फळ्यांखाली सरकतात. तुमच्या खांद्याला चार अनोळखी खांदे लागतात, कुणाच्या तरी धोतराचा ओला सोगा तुमच्या पोटरीला चिकटतो. अप्पा बळवंत चौकाकडून पोरं पुस्तकं सदऱ्याखाली धरून पळत येताहेत. शाळा सुरू होऊन महिना झालाय आणि जुनी क्रमिक पुस्तकं अजून शोधली जाताहेत. पालख्या नुकत्याच पुढे गेल्यात, काही ओट्यांवर वारकऱ्यांच्या गंधाचे ठिपके दिसतील.

आता या गल्लीत वळा. वाड्याचा दिंडी दरवाजा आहे, कपाळ सांभाळा. आत फरसबंदी चौक, चारही बाजूंना बिऱ्हाडं, जिन्याखाली शेगडीचे कोळसे, वर दोरीवर न वाळणारी लुगडी. कोपऱ्यात मोरी आणि मोरीवर पितळी तोटीचा नळ. त्याच्यापुढे हंडे, कळश्या, बादल्या आपापल्या नंबरावर उभ्या.

"कोण हवंय?" ओसरीवरून एक आजी विचारतात.

पाऊस थांबेपर्यंत उभे आहोत म्हणून सांगा.

"मग आत या की. बाहेर कशाला भिजताय?" आणि न विचारता पाण्याचं भांडं पुढे येतं. प्या. पावसाळी पाणी आहे, किंचित मातकट, तुरटीची चव जिभेवर राहते. गार आहे.

हे पाणी कुठून आलं ते नीट लक्षात घ्या, कारण संध्याकाळी त्याची गरज पडणार आहे. मुठेवर खडकवासल्याचं धरण आहे, ऐंशी वर्षांहून जुनं. तिथून निघालेला कालवा पर्वतीच्या पायथ्याशी येतो, तिथे पाणी स्वच्छ होतं आणि नळांतून पेठांत उतरतं. खडकवासल्यापासून या तोटीपर्यंत एकच वाट आहे. आणि खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, आंबी नदीवर, पानशेतचं मातीचं नवं धरण आहे. त्याच्या दारांचं काम अजून अपुरं आहे, तरी या पावसाळ्यात त्यात पाणी अडवलं गेलं. पाणी सोडायच्या मोरीपाशी बांध खचत गेला. काल रात्रभर जवान खचणाऱ्या बांधावर वाळूची पोती रचत होते. त्यांनी रात्र रेटून नेली म्हणून हे शहर झोपेत बुडालं नाही. पुण्यातली हजारो माणसं त्या पोत्यांमुळे वाचली, यात मला काही शंका नाही. पण तुम्ही हे पाणी पिताय तेव्हा धरण फुटलेलं आहे.

तुम्हाला ओरडून सांगावंसं वाटेल. सांगा ना! आजी तुमच्याकडे पाहतील. वरच्या मजल्यावरचे मास्तर कठड्यावर वाकून म्हणतील, "अहो, तसं काही असतं तर सरकारनं सांगितलं नसतं का?" आजूबाजूचे मान हलवतील. ही माणसं भोळी नाहीत. सरकार सांगेल यावर त्यांचा विश्वास आहे. धरणाला धोका नाही असं आकाशवाणीवरून सांगितलं गेलं होतं, असं पुणेकर पुढे कित्येक वर्षं सांगत राहिले. धरण फुटल्यापासून पाणी शहरात शिरेपर्यंत हातात काही तास होते. सकाळची न्याहारी, शाळेची घंटा, कचेरीची सही, सगळं त्या तासांत झालं. काही ठिकाणी पोलिस नदीकाठच्यांना उठवत फिरले, पण या चौकात तुमच्या कानावर पडते ती फक्त कुजबुज. सायकलवरून एक मुलगा ओरडत जातो, "पानशेत फुटलं!" त्याचं ऐकून काही जण सामान बांधायला धावतात आणि त्याहून जास्त जण लकडी पुलावर पाणी बघायला निघतात. तुम्ही जाऊ नका.

दुपारी अप्पा बळवंत चौकात या. पुस्तकांच्या दुकानांच्या फळ्या घाईघाईनं लागताहेत. आवाज आधी येतो. तो पावसाचा नाही, गाडीचा नाही, एकाच पट्टीत चालू राहणारी घरघर आहे आणि ती कमी होत नाही. मग माणसं येतात. शनिवारातून, नारायण पेठेतून, नदीच्या अंगानं सगळं वर सरकतंय. एका बाईच्या काखेत तान्हं आणि हातात देवांचा पाट. दोघे भाऊ शिवणयंत्र उचलून नेताहेत, त्याचं पायटं मागेच राहिलंय. कुणाच्या हातात पेटी, कुणाच्या खांद्यावर म्हातारे वडील. एक गाय दावं तोडून मधोमध उभी राहिली आहे आणि गर्दी तिच्या दोन्ही बाजूंनी वाहतेय. "ओंकारेश्वर गेला!" "नवा पूल पाण्याखाली!" "लकडी पूल दिसत नाही!" तुमच्या पायावर कुणीतरी अनवाणी पाय देतं, कोपर छातीत बसतं, तोंडासमोर घामाचा आणि भीतीचा आंबट वास. आणि त्या सगळ्याच्या खालून दुसरा वास वर येऊ लागतो, गाळाचा, रॉकेलचा, उपटलेल्या गवताचा.

मग पहिला वाडा बसतो. तुम्हाला तो दिसत नाही, ऐकू येतो. पांढऱ्या मातीच्या भिंती, आत लाकडी सांगाडा. पायाशी पाणी मुरलं की भिंत विरघळते आणि वरचे दोन मजले खाली येतात. पिठाचा डबा उलटावा तसा एक धप्प आवाज, आणि लगेच माणसांचा. थोड्या वेळानं आणखी एक. मग तुम्ही मोजणं सोडून देता.

बुधवार पेठेचा बराचसा भाग उंचावर आहे. म्हणून आज इथे दारं उघडली जाताहेत. सकाळच्या त्या वाड्यात परत चला. चौकात बसायला जागा नाही. ओसरीवर, जिन्यावर, माडीवर, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत माणसं. जात विचारायला कुणाला फुरसत नाही, सोवळं कुठल्या कुठे गेलंय. भिजलेल्या कपड्यांची वाफ, मुलांचं रडणं, स्टोचा फरफराट. कुणीतरी पातेलंभर पिठलं टाकायला घेतलंय. आजी मास्तरांच्या बायकोला म्हणतात, "अगं, भांडं भर गं आधी, सगळ्यांचे घसे सुकलेत."

तोटी फिरवली जाते. नळ सुस्कारतो, दोन गुळण्या टाकतो आणि बंद होतो.

सगळा चौक नळाकडे बघतोय. दुपारभर जे पाणी बघून हे लोक पळाले, ते चार गल्ल्यांपलीकडे अजून वाहतंय, आणि इथे तान्ह्या मुलाला पाजायला घोट नाही. खडकवासल्याचं धरणही फुटलंय. धरण नाही म्हणून कालव्यात पाणी नाही, कालवा नाही म्हणून पर्वतीला नाही, पर्वतीला नाही म्हणून इथे नाही. लाखो माणसांच्या शहराला प्यायला दुसरी वाट सरकारनं ठेवलेलीच नव्हती. ज्या धरणांच्या साखळीनं शहर बुडवलं, त्याच साखळीवर शहराची तहान अवलंबून होती. हे कुणाच्या कागदावर आलं होतं का? मला या सगळ्या कहाणीत सर्वांत जास्त टोचते ती ही गोष्ट. धरण बांधताना चूक होऊ शकते, माणसाच्या हातून होते. पण धरण गेलं तर पाणी कुठून द्यायचं, हा प्रश्न धरण बांधणाऱ्यानं स्वतःला आधीच विचारायचा असतो.

दिवेही गेलेत. आज अमावास्या. कंदिलाच्या उजेडात तोंडं ओळखू येत नाहीत. तेवढ्यात आजी उठतात. "परसातला आड उघडा."

तुम्हीही हात लावा. आडावर फळ्या टाकून वर मोडका पलंग, फुटक्या कुंड्या, कोळशाची पोती ठेवलीत. नळ आल्यापासून इकडे कुणी फिरकलेलं नाही. फळी उचलताच गार, शेवाळी हवा तोंडावर येते. रहाट आहे, पण गंजलेला; दोराचा पत्ता नाही. कुणीतरी दोरीवरची लुगडी उतरवून दोरी सोडतो, ती आखूड पडते. शेवटी माळ्यावरून काथ्याचा जुना सोल मिळतो. रहाट किंचाळतो. पोहरा खाली जातो, जातो, आणि मग तो आवाज, पाण्यावर भांडं आदळल्याचा. माणसं चक्क टाळ्या वाजवतात.

पहिले पोहरे ओतून द्यायचे. त्यात पानं, पिसं, काय काय. मग धोतराचं दुहेरी फडकं घागरीच्या तोंडाला बांधून गाळायचं, उकळायचं. तळहातांना सोलाची साल लागेल, सवय नाही तुम्हाला. ओढत राहा. तुमच्यामागे रांग आहे आणि आता शेजारच्या वाड्यातलीही माणसं आलीत, त्यांचा आड भाडेकरूच्या खोलीसाठी बुजवलेला आहे. तिकडच्या अंगाला एक हौद आहे आणि त्यात पाणी पडतंय, अशी बातमी येते. वीज नाही, नळ नाही, आणि हौदात पाणी पडतंय?

"कात्रजचं असेल," आजी म्हणतात.

माझा हात धरा. पाच मिनिटं खाली जाऊन येऊ, या रस्त्याच्या पोटात. आणि अजून दोनशे वर्षं मागे.

हा दगडी नळ आहे, म्हणजे भुयारच. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी बांधून घेतलेला. वाकून चाला, डोकं कमानीला लागेल. पायाखाली घोट्यापर्यंत गार पाणी आहे आणि ते तुमच्या चालीहून थोडं हळू पुढे सरकतंय. पंप नाही, रहाट नाही. कात्रज उंचावर, शनिवारवाडा खाली, मधल्या आठ-दहा किलोमीटरला फक्त उतार दिलाय. कात्रजला ओढ्यावर दोन तलाव बांधलेत. एकात गाळ बसतो, निवळलेलं पाणी दुसऱ्यात येतं आणि मग या नळात शिरतं. चुन्याचा ओला वास घ्या. भिंतीवर हात फिरवा, चिऱ्यांचे सांधे नखाला लागत नाहीत. मधूनमधून डोक्यावर उजेडाची चकती दिसेल, तो उच्छ्वास. त्यातून कोंडलेली हवा निघून जाते आणि गाळ उपसायला माणूस आत उतरतो. वर पेठांत याला फाटे फुटतात, काळा हौद, नाना हौद, सदाशिव पेठेचा हौद, फडके हौद. वरून बायकांचा गलबला, कळशीवर कळशी आपटल्याचा नाद खाली झिरपतो. तेव्हा या हौदांवर कुणी भरायचं आणि कुणाला हाकलून द्यायचं याचे क्रूर नियम होते, ते विसरून या कमानीचं कौतुक करू नका. महात्मा फुल्यांना पुढे याच पुण्यात घरचा हौद सगळ्यांना खुला करावा लागला. पण बांधकाम मात्र असं केलं, की राज्य गेलं, दुसरं आलं, तेही गेलं, तरी पाणी येत राहिलं.

वर या. पुन्हा १९६१.

रात्रभर रहाट चालला. त्या दिवसांत पुण्याच्या कोरड्या घशांना आधार मिळाला तो कात्रजच्या या पाण्याचा आणि वाड्यावाड्यांतल्या आडांचा. तो साठा सरकारनं आणीबाणीसाठी राखलेला नव्हता. बुजवायचा राहून गेला, म्हणून मिळाला.

गुरुवारची सकाळ. नाकाला पदर लावा, रुमाल बांधा. पूर ओसरलाय आणि मागे उरलाय तो गाळ. नदीच्या बाजूला चार पावलं उतरलात तर पाय घोट्याच्या वर रुतेल. भिजून फुगलेलं धान्य, मेलेली जनावरं, उघडी पडलेली गटारं, या तिन्हींचा मिळून एक गोडसर वास येतो, तो कपड्यांतून जात नाही. मुंग्यांच्या रांगेनं माणसं आपापलं घर शोधताहेत, घराच्या जागी ढिगारा आहे आणि ढिगाऱ्यावर शेजारच्याचं कपाट.

लष्कराची गाडी पाणी घेऊन आली आहे. हंडे खणखणतात, बाचाबाची होते, एक जवान शांतपणे म्हाताऱ्या माणसांना पुढे घेतो. पटकीची लस टोचायला टेबल मांडलंय. बाही वर करा, सुई जाड आहे, दंड दोन दिवस दुखेल. एक कर्मचारी वाड्यावाड्यांतून आडात औषध टाकत फिरतोय. त्याच्याकडे पेठेतल्या आडांची यादी नाही. तो दारादारांत विचारतो, "तुमच्यात विहीर आहे का हो?" आणि कुणी सांगतं आहे, कुणी सांगतं होती.

आणि मग ती ओरड होते. "पळा! पुन्हा पाणी आलं!" कुणी म्हणतं दुसरं धरण, कुणी म्हणतं तिसरं. टेबल उलटतं, कालच पळालेली माणसं पुन्हा पळतात, भरलेला हंडा तुमच्या पायावर सांडतो. तुम्हाला माहीत आहे की पाणी येणार नाही. ओरडून सांगा, कुणी थांबणार नाही. कालपर्यंत सरकार सांगेल म्हणून थांबलेले मास्तर आज सगळ्यांच्या पुढे पळताहेत. लोकांना अफवांवर विश्वास ठेवू नका असं नंतर बजावलं गेलं. पण ज्या आवाजावर विश्वास ठेवायचा, तो आवाज वेळेवर आला नव्हता, आणि एकदा गेलेली ही पत लाउडस्पीकरनं परत येत नाही.

पुढच्या आठवड्यांत कामं झाली, आणि नेटानं झाली, हेही पाहायला हवं. पुनर्वसनाची सूत्रं स. गो. बर्वे यांच्याकडे आली, शहराबाहेर अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट उभ्या राहिल्या, गोखलेनगरासारख्या वसाहती झाल्या. सरकार धावून आलं. धावून येणं त्याला जमतं, २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वेगाडी नेली तेव्हाही जमलं. दहा वाघिणी, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर, आणि ती बघायला फलाटावर गर्दी. मला त्या गाडीचं कौतुक आहे. पण गाडी निघाली तेव्हा लातूरचे नळ कित्येक दिवस कोरडे होते.

चला, परत आणतो. आजचा बुधवार चौक. वास वेगळे, घंटांच्या जागी हॉर्न, खांद्याला खांदा मात्र तसाच लागतो. तो वाडा होता तिथे इमारत आहे आणि परसात मोटारी उभ्या राहतात. पाणी कुठून येतं? खडकवासल्यातून. वरती आता पानशेतबरोबर वरसगाव आणि टेमघर आहेत, पाणी कितीतरी वाढलंय, पण शहराला मोठा पुरवठा येतो तो या साखळीच्या खालच्या टोकातूनच. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं, तेव्हाही त्यांचं म्हणणं तेच होतं, विसर्गाची सूचना आम्हाला वेळेवर मिळाली नाही.

विहिरी नुसत्या असून भागत नाही, हेही पुण्यानं शिकून झालंय. २०२५ च्या जानेवारीत नांदेडगाव, किरकटवाडीकडे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशय विहिरीच्या पाण्यावर आला. म्हणजे आड राखायचा तर त्याचं पाणी तपासायचं, झाकण ठेवायचं, हातपंप चालू ठेवायचा, आणि हे कुणीतरी पगारी माणसानं दर महिन्याला करायचं. आजीच्या आठवणीवर आणि माळ्यावरच्या सोलावर आता शहर सोडता येणार नाही. आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा २००५ चा आहे. मदतछावणीत निवारा, अन्न यांच्याबरोबर पिण्याचं पाणी किमान किती द्यायचं, हे ठरवणं त्या कायद्यात आहे. जिल्ह्याचं प्राधिकरण आहे, त्याचे प्रमुख जिल्हाधिकारी आहेत, महापालिकेवरही तयारीची जबाबदारी टाकलेली आहे. संकटकाळी माणशी दिवसाला पंधरा लिटर, असं माप जगभरच्या मदतकार्यात धरतात. बुधवार पेठेतल्या प्रत्येक माणसासाठी ते पंधरा लिटर कुठे आहेत, हे एका कागदावर लिहिता आलं पाहिजे.

महापालिकेचं कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालय इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कपडे वाळले की जा. खिडकीवर नम्रपणे विचारा, या पेठेत आज वापरता येतील अशा विहिरी किती, त्यांचं पाणी शेवटचं कधी तपासलं, नळ बंद पडले तर पहिला टँकर कुठल्या चौकात उभा राहणार, आणि खडकवासल्यात काही झालं तर आम्हाला कुणाचा आवाज ऐकू येईल. उत्तर लेखी मागा, आणि तारखेसकट.